दुसरी सही

न्यायमूर्ती मनोहर सोनकांबळे वारले, आणि त्यानंतर तिसऱ्या आठवड्यात त्यांनी एका फाशीच्या खटल्यात आपलं मत दिलं.

मत नुसतं कागदावर आलं असतं तर रेवती हंगरगेकरला एवढं जड गेलं नसतं. पण चेंबरमधल्या टेबलावर ठेवलेल्या जेवणाच्या डब्याएवढ्या यंत्रातून सरांचाच आवाज आला. किंचित घोगरा, वाक्य संपताना खाली उतरणारा.

"आरोपी विलास घोरबांड याच्यावरचा गुन्हा संशयापलीकडे सिद्ध झालेला नाही. फाशीची पुष्टी नाकारावी आणि त्याला सोडावं, असं माझं मत आहे."

रेवतीनं पुसायला काढलेला चष्मा हातातच राहिला. समोरच्या खुर्चीकडे बघायचं नाही असं तिनं ठरवलं होतं, तरी नजर तिकडे गेलीच. खुर्ची रिकामी होती.

"पुढे?" आवाजानं विचारलं.

हे सरांचं नेहमीचं. वकिलाचं वाक्य संपलं रे संपलं की "पुढे?" रेवती त्यांच्या हाताखाली ज्युनिअर म्हणून लागली तेव्हापासून ती ते ऐकत आली होती. पुढे ते न्यायाधीश झाले, काही वर्षांनी तीही झाली, आणि नांदेडच्या नव्या खंडपीठात दोघं एकाच बाकावर बसायला लागले. तरी ते तिला "रेवतीबाई" म्हणायचे आणि ती त्यांना "सर". उघड्या कोर्टातही एकदा तिच्या तोंडून "सर" निघून गेलं होतं आणि वकील मंडळी खाली मान घालून हसली होती.

"आज एवढंच," ती यंत्राला म्हणाली आणि तिला स्वतःचाच राग आला. डब्याशी कशाला बोलायचं?

यंत्राजवळ बसलेल्या निखत पठाणनं नोंद बंद केली. निखत मेंदूविज्ञान शिकलेली, तिशीतली मुलगी. न्यायालयाच्या विचाररेख विभागाची जबाबदारी तिच्याकडे होती.

विचाररेख मुळात न्यायाधीशांवर लक्ष ठेवण्यासाठी आली. सुनावणीच्या वेळी आणि निकालाचा विचार करताना प्रत्येक न्यायाधीशानं कपाळाला एक पातळ पट्टी लावायची, असा नियम झाला होता. पट्टी विचार वाचत नाही. ते अजून कुणाला जमलेलं नाही. एखादा पुरावा समोर आल्यावर मेंदूचे कोणते भाग कोणत्या क्रमानं जागे होतात आणि आधीचा कल त्यानं किती सरकतो, एवढंच ती टिपते. आरोपीची जात कळल्यावर किंवा साक्षीदाराचे कपडे पाहिल्यावर कल सरकतो का, हे तपासता यावं हा हेतू होता. पण वर्षानुवर्षांच्या नोंदी जमल्या आणि त्यांतून वेगळंच काही हाती लागलं.

"नदीचा फोटो काढला तर एका क्षणाचं पाणी मिळतं," निखतनं पहिल्या दिवशी रेवतीला समजावलं होतं. "आम्ही पाणी टिपत नाही, मॅडम. तळाचा उतार मोजतो. उतार नीट मोजला की वरून कुठलंही पाणी ओता, ते नदी जिथून गेली असती तिथूनच जातं."

जिवंत न्यायाधीशांचे जुने निकाल झाकून ठेवून त्यांच्या विचाररेखांना तीच कागदपत्रं दिली गेली. यंत्रांनी बहुतेक वेळा तेच निकाल दिले, त्याच कारणांनी, कारणं मांडायच्या त्याच लकबीनं; आवाजही कोर्टातल्या जुन्या ध्वनिमुद्रणांतून घेतलेला, त्यांचाच.

मग सातत्य नियम आला. त्याआधीचा कायदा सोपा होता. निकाल लिहून सही करून ठेवलेला असला, तरी उघड्या कोर्टात वाचला जाईपर्यंत तो निकाल नसतो. त्या क्षणापर्यंत न्यायाधीशाला मत बदलण्याचा हक्क असतो. मेलेला माणूस मत बदलू शकत नाही, म्हणून त्याचं मतही त्याच्याबरोबर जातं आणि सुनावणी पुन्हा पहिल्यापासून होते. नव्या नियमाचं म्हणणं असं, की विचाररेख मत बदलू शकते, तेव्हा ती हरकत आता उरलेली नाही. सुनावणी पूर्ण करून न्यायाधीश वारला तर त्याच्या विचाररेखेचं मत त्याचंच धरावं. अट एकच. बाकावरच्या दुसऱ्या न्यायाधीशानं सहीनिशी प्रमाणपत्र द्यायचं, की होय, हे मत त्यांचंच आहे.

या नियमाखालचा हा पहिलाच खटला, आणि दुसरी न्यायाधीश रेवती.

विलास घोरबांड कापसाच्या एका जिनिंग कारखान्यावर रखवालदार होता. जिनिंगला लागून मालकाचं घर होतं. तिथे मालकाची बायको आणि लहान मुलगी यांचा खून झाला. खालच्या कोर्टानं विलासला फाशी दिली. अशी शिक्षा उच्च न्यायालयात दोन न्यायाधीशांनी मिळून कायम करावी लागते. एकाच्या सहीनं काही होत नाही. सर आणि रेवती यांनी पूर्ण सुनावणी घेतली. विलासच्या खोलीत मयत बाईंची चेन सापडली, तेव्हा पंच म्हणून मालकाचाच ड्रायव्हर उभा होता. पुराव्याची ही साखळी सरांना पटत नव्हती, रेवतीलाही नव्हती. निकाल राखून ठेवला, आणि तो लिहायच्या आत सरांचं हृदय थांबलं.

तिनं यंत्राच्या मतावर सही केली तर विलास सुटणार होता. नाही केली तर सरांच्या जागी येणारे न्यायमूर्ती खेडगीकर तिच्या शेजारी बसून सगळं नव्यानं ऐकणार होते. खेडगीकरांनी एकही फाशी उठवल्याचं कुणाला आठवत नव्हतं, आणि दोघांची मतं वेगळी पडली तर खटला तिसऱ्या न्यायाधीशाकडे गेला असता. विलासच्या वकिलांनी तर अर्जच दिला होता: प्रमाणपत्र लवकर द्यावं, आरोपीची काही हरकत नाही.

हरकत कशाला असेल?

*

सुलभावहिनी आल्या त्या दुपारी. सरांच्या पत्नी, निवृत्त शिक्षिका. सरांच्या खुर्चीवर न बसता त्या कडेच्या स्टुलावर बसल्या.

"ऐकायचंय मला," त्या म्हणाल्या. "नियमात बसतं का ते तू बघ."

नियमात बसत नव्हतं. तरी खटल्याचे कागद यंत्रातून काढून घेऊन निखतनं ते चालू केलं आणि ती दाराबाहेर जाऊन उभी राहिली.

"अहो," सुलभावहिनी म्हणाल्या. "मी आलेय."

सरांचा आवाज आला, अगदी सभ्य. "आपण या प्रकरणात पक्षकार आहात का?"

रेवतीच्या आत्ता लक्षात आलं. पट्टी कोर्टातच लावायची, घरी जाताना काढून ठेवायची. घरचा माणूस यात आलेलाच नव्हता.

सुलभावहिनी मात्र हसल्या. पदरानं डोळे पुसत हसल्या. "घरी तरी काय वेगळं होतं? भाजीत मीठ कमी आहे का विचारलं, तर दोन्ही बाजू ऐकून सांगतो म्हणायचे."

"आपलं म्हणणं लेखी द्यावं लागेल," यंत्र म्हणालं. "पुढे?"

"बंद कर गं," वहिनी म्हणाल्या.

रेवतीनं बटण दाबलं. वहिनी डब्याकडे बघत म्हणाल्या,

"आवाज अगदी त्यांचाच आहे. पण रेवती, हे माणूस निकाल देऊन घरी यायचं. तो बँकेवरच्या दरोड्याचा खटला आठवतो? जन्मठेप कायम केली होती यांनी. आले, बूट न काढता पलंगावर बसले. मी ताट वाढलं. म्हणाले, त्या पोराची आई कोर्टात होती, तिनं मला नमस्कार केला. जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी बाजारात तीच बाई भेटली तर काय, म्हणून भाजी आणायला गेले नाहीत कितीतरी दिवस." त्यांनी डब्याकडे बोट केलं. "याला कुठं जायचं असतं आता?"

 वहिनींना सोडायला रेवती गाडीपर्यंत गेली. गाडीत बसताना त्या म्हणाल्या, "सोडून दे पण त्या पोराला. यांना तेच हवं होतं ना?"

*

सरांची आणि तिची एक रीत होती. कोर्टातल्या शिपायांनी तिला 'उलटा चहा' असं नाव दिलं होतं. निकाल सांगायच्या दिवशी सकाळी चेंबरमध्ये दोन कप चहा यायचा आणि दोघांनी आपल्याच निकालाच्या विरुद्ध बाजूनं भांडायचं. सोडायचं ठरलं असेल तर सरकारी वकिलासारखं, शिक्षा ठरली असेल तर आरोपीच्या वकिलासारखं. चोपदार दार उघडून अदबीनं उभा राहिला की भांडण थांबायचं. त्यात निकाल टिकला तर बाहेर जाऊन वाचायचा. कधी टिकायचा नाही. एकदा सर दारापर्यंत जाऊन मागे फिरले होते. "थांबा," चोपदाराला म्हणाले होते, "आज नाही."

प्रमाणपत्रावर सही करायच्या सकाळी रेवतीनं दोन कप चहा मागवला. शिपायानं काही न विचारता दोन्ही आणले, एक तिच्यासमोर आणि एक यंत्रासमोर ठेवला, आणि तो झपाझप निघून गेला. निखत खिडकीपाशी बसली होती.

"सर, उलट्या बाजूनं बोलते," रेवती म्हणाली. "विलास खुनानंतर पळाला. पळताना त्यानं मोबाइल विहिरीत टाकला. घाबरलेला माणूस मोबाइल टाकत नाही, सर. घाबरलेला माणूस कुणाला तरी फोन करतो."

यंत्र थांबलं. सर थांबायचे तेवढंच.

"हे मी पुरेसं तोललं नव्हतं," आवाज आला. "चेन बाजूला ठेवली तरी हे वर्तन उरतं. त्याचं निरपराध स्पष्टीकरण कागदावर नाही. रेवतीबाई, माझं मत बदलतंय. शिक्षा कायम करावी, असं मला वाटू लागलंय. पुढे?"

 रेवतीचं स्वतःचं मत बदललं नव्हतं. ती नुसती रीत पाळत होती. तिनं खुर्ची पुढे ओढली.

"आणि विलासच्या वस्तीतल्या मुलाला हे माहीत असतं, की आईला फोन केला तर पोलीस आधी आईला उचलतात. मोबाइल जवळ ठेवला तर जिथं जाईल तिथली माणसं अडचणीत येतात. हेही भीतीचंच वागणं आहे."

पुन्हा तेवढीच शांतता.

"मान्य. दोन अर्थ निघतात, आणि दोन निघत असतील तर आरोपीच्या बाजूचा घ्यायचा. सोडावं. पुढे?"

"निखत, हे बिघडलंय," रेवती म्हणाली. 

निखतनं पडद्यावरचे आलेख पुन्हा पाहिले. "नाही, मॅडम. हे हांजी हांजी करत नाही. कच्चा मुद्दा टाका, जागचं हलणार नाही. तुमचे दोन्ही मुद्दे वजनदार होते आणि सरांचा कल अशा मुद्द्यांवर एवढाच सरकायचा. जुन्या नोंदींत आहे. चहाच्या वेळी सर खूप हलायचे."

"मग थांबायचे कुठं?"

निखतनं खांदे उडवले. "थांबण्याची खूण पट्टीत सापडत नाही. आम्ही खूप शोधली. ती बाहेरून यायची. चोपदार यायचा, सर उठायचे."

"आणि याला कोण उठवणार?"

"तुम्हीच की, मॅडम. तुम्हाला पाहिजे तिथं बंद करा. त्या क्षणाचं मत ते अंतिम मत. नियमात तसंच लिहिलंय."

निखत हे अगदी सहज बोलून गेली. रेवती मात्र यंत्रासमोरच्या कपाकडे बघत राहिली. चहावर साय धरली होती.

तिनं आता बटण दाबलं तर विलास सुटणार. मघाशी दाबलं असतं तर सरांचं मत फाशीचं ठरलं असतं. दोन्ही वेळा आवाज सरांचा, कारणं सरांची, आणि बोट तिचं. कायद्यानं दोन न्यायाधीश मागितले ते एका माणसाच्या हातात दुसऱ्याचा जीव राहू नये म्हणून. इथं सह्या दोन झाल्या असत्या आणि माणूस एकच उरला असता.

"सर," तिनं हळूच विचारलं, "आपल्याला हा अधिकार कुठून आला?"

हे सर कॉलेजांमधून व्याख्यानात सांगायचे, आणि यंत्रानं तसंच सांगितलं.

"न्यायालयाकडे फौज नाही, तिजोरी नाही. कागदावर चार ओळी लिहितो आणि पोलीस तुरुंगाचं दार उघडतो. का उघडतो? देवानं आपल्याला नेमलं म्हणून नाही, आपण शहाणे म्हणूनही नाही. लोकांनी राजे पाहिले होते. आपल्यातही एक राजा दडलेला असतो, बहुमत मिळालं की तो बाहेर येतो, हेही त्यांनी ओळखलं होतं. म्हणून शांत डोक्यानं त्यांनी ठरवलं, की आपलं डोकं फिरेल त्या दिवशी आपलाच हात धरायला कुणीतरी असावं. तो हात धरण्याचा अधिकार त्यांचाच आहे. आपल्याकडे तो ठेवायला दिलाय."

"आणि तुम्हाला, सर? तुम्हाला आता कुणी दिला?"

या वेळची शांतता लांबली. निखतनं मान वर केली. आलेखावर कुठलीच रेघ ओळखीच्या वाटेनं जात नव्हती.

"मला दिलेला दिसत नाही," आवाज म्हणाला. "तुम्ही सही केलीत तर तुम्ही दिला असं होईल. पण तुमच्याकडेही तो ठेवायलाच दिलेला आहे. ठेवायला दिलेली वस्तू तुम्हाला तिसऱ्याला देता येते का, हा प्रश्न आहे. दोन्ही बाजूंनी युक्तिवाद होऊ शकतो." आणि मग, त्याच सुरात, "पुढे?"

असं सरच बोलले असते. अगदी असंच. म्हणूनच रेवतीला बटणापर्यंत हात न्यायला वेळ लागला.

"तो सुटला असता, मॅडम," निखत हळूच म्हणाली. ती आता नियमाबद्दल बोलत नव्हती. "खेडगीकर सर आले तर..."

"मला माहीत आहे."

"मग एकदाच करा. चांगल्यासाठीच आहे."

"पुढच्या वेळी माझ्या जागी कुणी दुसरं असेल आणि त्याला कुणाला तरी लटकवायचं असेल. त्यालाही ते चांगल्यासाठीच वाटेल."

"पुढे?" यंत्रानं पुन्हा विचारलं.

रेवतीनं बटण दाबलं.

त्यानंतर कितीतरी दिवस घरात, गाडीत, आंघोळ करतानासुद्धा तिला मागून कुणीतरी तो शब्द विचारल्यासारखं वाटायचं आणि ती मान वळवायची.

*

नव्या बाकाच्या पहिल्या दिवशी कोर्ट भरलं होतं. न्यायमूर्ती खेडगीकर येऊन बसले. उंच, शिडशिडीत, समोरच्या फायलीतून वर न बघणारे. भिंतीवरच्या पडद्यावर तुरुंगातली खोली दिसत होती आणि तिच्यात विलास घोरबांड उभा होता. केस पिकायचं वय नव्हतं, तरी पिकले होते.

रेवतीनं आदेश वाचला. 

"दिवंगत न्यायमूर्तींच्या विचाररेखेनं मांडलेली कारणं त्यांचीच आहेत, याबद्दल मला शंका नाही. तरीही मी प्रमाणपत्र नाकारते. लोकांनी हा अधिकार दिला तो माणसांना, आणि अटींवर. त्या माणसानं त्याच कायद्याखाली राहायचं, आपला निकाल त्याच गावात घेऊन वावरायचं, चुकला तर लोकांना त्याला जाब विचारता आला पाहिजे. ज्याच्यावर आता कुठलाच कायदा चालत नाही, त्याच्या मतानं कुणाला शिक्षा देता येत नाही आणि सोडताही येत नाही. फाशीच्या खटल्यात दोन न्यायाधीश लागतात. माझ्याकडे एकच मत आहे. सुनावणी नव्यानं होईल."

विलासचे वकील मटकन खाली बसले. सरकारी वकिलांनी काहीतरी लिहून घेतलं. सगळ्यांत मागच्या बाकावर सुलभावहिनी होत्या. त्या उठून, कुणाकडे न बघता बाहेर गेल्या.

"आरोपीला काही सांगायचंय का?" खेडगीकरांनी फायलीत बघतच विचारलं. हे विचारायची रीत होती.

पडद्यावर विलासनं हात जोडले. "एक इचारू का, सायेब?"

"विचारा," रेवती म्हणाली.

"ते आधीचे सायेब वारले. त्यांचं यंत्र माझ्या बाजूनं बोललं म्हणतेत सगळे. तुरुंगातबी तेच बोलतेत. खरं हाय का? सोडणार हुते का मला ते?"

वकील उठून त्याला गप्प करणार होते. रेवतीनं हात वर करून त्यांना थांबवलं. या प्रश्नाला उत्तर देणं तिच्यावर बंधनकारक नव्हतं; राखून ठेवलेल्या मताबद्दल न्यायाधीश बोलत नाहीत. पण ती मर्यादा आठवायच्या आधीच तिला दुसरी गोष्ट आठवली होती. एका चहात दोनदा फिरलेला तो आवाज. सर जगले असते, तर निकालाच्या सकाळी चोपदारानं दार उघडताना ते कुठल्या मतावर असते? आयुष्यभर ज्यांना ओळखलं, त्यांच्याबद्दल एवढी एक गोष्ट तिला आता कुणीच सांगणार नव्हतं.

"मला माहीत नाही," ती म्हणाली.

 विलास बराच वेळ पडद्यातून तिच्याकडे बघत राहिला. ती खोटं बोलतेय का, हे तो बघत असावा. मग त्यानं जोडलेले हात खाली सोडले.

"मंग परत इचारा मला, सायेब," तो म्हणाला. "समदं परत इचारा. म्या हाय इथंच."

खेडगीकरांनी फायलीतून पहिल्यांदाच मान वर केली. पडद्याकडे बघितलं, चष्मा काढला, पुन्हा लावून बघितलं. मग वकिलांकडे वळून ते म्हणाले, "वाचा. पहिल्या साक्षीपासून."